लसूण सोलायला बसलेल्या वस्तादांना

वस्ताद,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्हाला आता दिसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. खरं तर घरी येऊन बोलायला हवं होतं. पण तुमच्यासमोर उभं राहिलं की "तब्येत बरी आहे ना?" याच्या पुढं माझं गाडं सरकत नाही. शिवाय तुम्ही जे केलंत ते चारचौघांत केलंत, तेव्हा आभारही चारचौघांतच मानावेत असं वाटलं.

तुम्हाला आमचा भाग सांगायची गरज नाही, पण बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं लिहितो. आम्ही कराडकडचे. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्या जवळचंच. याच जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं, इतकी माणसं तिथून फौजेत गेली. अशा मुलखात पोरगं जन्मलं की त्याचं ठरलेलं असतं. तालीम, नाहीतर भरती. पहाटे रस्त्यानं धावणारी पोरं आजही दिसतात. धावण्यात मीही होतो. पण बारावीनंतर मी हॉटेल मॅनेजमेंटला जातो म्हणालो, आणि घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरली.

त्यानंतर काय काय ऐकलं ते आज लिहून टाकतो, कारण अजून गिळता आलेलं नाही. "लोकांची उष्टी काढणार का?" हे चुलत्यांनी विचारलं. "चपात्या गोल येतात का रं?" हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, एखादा तरी विचारायचाच. शाळेतल्या एका गुरुजींनी रस्त्यात थांबवून, "आईबापानं एवढं शिकवलं ते काय कांदा चिरायला?" असं म्हटलं. मी त्या माणसाकडून बेरीज-वजाबाकी शिकलोय. मध्यस्थांचं तर विचारू नका. स्थळ सुचवायच्या आधी ते आप्पांना बाजूला घेऊन सांगायचे, "स्वयंपाकी म्हणू नका, मॅनेजर म्हणा." आणि आप्पा म्हणायला लागले. सोप्यात बसून माझे वडील माझी नोकरी लपवत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होतो.

ही सगळी माणसं यात्रेला काय करतात? यात्रेच्या मटणाच्या काहिलीपाशी आमच्याकडं गडीमाणसंच असतात. लग्नाचा आचारी पुरुष, त्याचे वाढपी पुरुष. भाऊकीतले एक काका आयुष्यभर फौजेच्या लंगरात रोट्या भाजून पेन्शनीत आले, त्यांना गाव उठून नमस्कार करतं. ते बिचारे कधी सांगत नाहीत की बंदुकीपेक्षा परात जास्त हाताळली. त्यांचा मान मला कमी करायचा नाही, उलट त्यांनी छाती पुढं काढून सांगावं असं मला वाटतं. जवानाच्या पोटात वेळेवर गरम अन्न घालणं ही काय लहान चाकरी आहे?

दुसरी बाजू गावाला माहीत नाही. हॉटेलच्या किचनमध्ये मी कॉमी, म्हणजे सगळ्यात खालचा शिकाऊ स्वयंपाकी, म्हणून लागलो तेव्हा वाटलं, इथं तरी कुणी बायल्या म्हणणार नाही. तिथं उलटंच निघालं. तिथं दिवसरात्र मर्द असल्याचं दाखवावं लागतं. चौदा तास उभं राहायचं, बसलं की कच्चा. ऑर्डर उशिरा गेली की पासवरून, म्हणजे तयार ताटं बाहेर जातात त्या कट्ट्यावरून, आईबहिणीच्या शिव्या. तंदुरात माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला, तेव्हा सिनियर म्हणाला, "मर्द आहेस ना? लाग कामाला." आणि मी लागलो. आमच्याबरोबर एक मुलगी होती, हाताची भलती चपळ. तिला हॉट रेंजवर, म्हणजे मोठ्या शेगड्यांवर, उभं राहायचं होतं. तिला बेकरीत टाकलं, "मुलींना केक शोभतात" म्हणून. तिनं नोकरीच सोडली.

हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्याच वर्षी आम्हाला ऑगस्त एस्कॉफिए शिकवतात. 1870 च्या फ्रान्स आणि प्रशियाच्या लढाईत तो फ्रेंच सैन्यात स्वयंपाकी होता. किचनमध्ये प्रत्येकाचा हुद्दा, प्रत्येकाची जागा, वरच्याचा हुकूम खालच्यानं पाळायचा, ही पद्धत त्यानं पुढं मोठ्या हॉटेलांत बसवली. आज सातारा-पुण्याच्या हॉटेलांतही आम्ही त्याच चौकटीत उभे असतो. पण त्याच एस्कॉफिएनं आपल्या किचनमध्ये शिवीगाळ आणि दारू बंद केली होती, हे पाठ करून परीक्षेत लिहिणारी माणसंच पुढं सीडीपी, म्हणजे एका सेक्शनची प्रमुख, झाली की पहिली शिवी देतात. हुद्दे तेवढे उचलले, बाकीचं पुस्तकात राहिलं.

आणि माझी बाजू घेणारे? तेही होते, त्यांचं ऋण आहे. पण ते म्हणायचे, "अरे, जगातले मोठमोठे शेफ पुरुषच आहेत, बायका नुसतं घरचं करतात." हे ऐकून मला कधीच बरं वाटलं नाही. कांदा-लसूण मसाल्याला खोबरं कुठवर भाजायचं आणि कुठं थांबायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलं, चुलीपुढं बसवून. तिला खाली ढकलून मला वर चढवणार असाल तर ती बाजू मला नको होती.

आता त्या दिवसाकडं येतो.

आईचा हात मोडला होता, प्लास्टरमध्ये होता. मुलीकडचे पाहुणे घर बघायला यायचे होते. मी सुट्टी घेऊन आलो आणि सकाळीच मटण अळणी शिजायला टाकलं. काकू दोनदा आत येऊन म्हणाल्या, "मी बघते, तू इस्त्रीचा शर्ट घालून सोप्यात बस." मी म्हटलं, रस्सा बिघडला तर पाहुणे मला नावं ठेवतील, तुम्हाला नाही. त्या तोंड वाकडं करून गेल्या. आमच्या घराची रचना तुम्हाला माहीत आहे. सोप्यातून स्वयंपाकघर सरळ दिसतं. काकूंनी दाराला चादर लावायचं चालवलं होतं.

पाहुणे आले, गावचे कर्ते म्हणून तुम्हीही आलात. आप्पांचं सुरू झालं, "पोरगा पुण्यात, मोठ्या हॉटेलात मॅनेजर..." तुम्ही मध्येच विचारलंत, "पोरगा कुठाय?" आप्पा अडखळले. "आत आहे, जरा बघतोय." तुम्ही काठीवर भार देऊन उठलात. चादर एका हातानं बाजूला केलीत आणि ती परत सोडली नाहीत, खुंटीला अडकवून टाकलीत.

"सरक," एवढंच म्हणालात.

मी पाट दिला. तुम्ही गुडघा धरून हळूहळू बसलात, लसणाची पाटी पुढं ओढलीत आणि गड्डा फोडायला लागलात. तुमची बोटं मी त्या दिवशी नीट बघितली. उजवी करंगळी कधीकाळी मोडून वाकडीच जुळलेली, नखं जाड. पाकळी अंगठ्याखाली दाबायची, साल फुटली की नखानं ओढायची. गड्ड्याच्या मधल्या त्या बारक्या पाकळ्या, ज्या आम्ही हॉटेलात सरळ टाकून देतो, त्यासुद्धा तुम्ही एकेक सोलत होता. सालपटं धोतरावर उडत होती. सोप्यातलं बोलणं थांबलं होतं. मुलीचे मामा दारापर्यंत आले, बघितलं, काय बोलावं ते न कळून मागं फिरले. तुम्ही मान वर केली नाहीत.

मग म्हणालात, "कोल्हापूरला तालमीत आम्ही आळीपाळीनं रांधायचो. थंडाई मी घोटायचो झकास. पण माझ्या पाळीची आमटी असली की पोरं उपाशी उठायची." थोड्या वेळानं, "अळणी काढून ठेव माझ्यापुरतं. तिखट सोसत नाही आता."

आणि माझ्या हातावरचा तो डाग तुमच्या नजरेला पडला. तुम्ही मनगट धरलंत, अंगठा फिरवलात. "मलम लावतोस का?"

वस्ताद, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ज्यांचे कान आखाड्यात फुटलेत, ज्यांच्या नावावर जोर काढून या पंचक्रोशीतली पोरं लहानाची मोठी झाली, त्यांनी विचारला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी कांद्यावर ढकललं नाही. तुम्हीही काही म्हणाला नाहीत. पुढचा गड्डा घेतलात.

तुम्ही भाषण केलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती आणि संध्याकाळी विसरले असते. रांधणं हेही मर्दाचंच काम, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत, याचं मला फार मोल आहे. बाईचं की पुरुषाचं हा हिशेबच तुम्ही मांडला नाहीत. जेवण व्हायचं होतं, लसूण सोलायचा राहिला होता, तुम्ही बसलात. अशी माणसं गावोगाव असतात. कुणी एसटीत उठून जागा देतं, कुणी दवाखान्यात परक्याच्या पेशंटजवळ रात्र काढतं. त्यांचा फ्लेक्स कुठं लागत नाही. चांगुलपणा संपला म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. तो बघायला कुणी थांबत नाही, एवढंच.

ती सोयरीक जमली नाही. पत्रिकेचं कारण कळवलं त्यांनी. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण परवा उसाच्या तोडीवर कुणी मुकादमानं आप्पांना विचारलं, थोरला काय करतो. मी ट्रॅक्टरच्या पलीकडं होतो. आप्पा म्हणाले, "आचारी हाय. हाताला चव हाय त्याच्या." माझे वडील हे मोठ्यानं म्हणाले, वस्ताद. हे तुमच्यामुळं झालं.

माझ्या हाताखाली आता दोन नवे कॉमी आलेत. त्यातली मुलगी तंदूर मागत होती, तिला तंदूर दिला. भाजलं तर आधी नळाखाली हात, मग मलम, मग काम, असं मी सांगून ठेवलंय. माझ्या सेक्शनला शिवी चालत नाही. वरचे कुरकुरतात, पण ऑर्डर वेळेवर जातात म्हणून गप्प आहेत.

चैत्रातल्या यात्रेसाठी सुट्टी आत्ताच टाकली आहे. आखाड्यातल्या पोरांचं जेवण यंदा माझ्याकडं द्या, कमिटीला तुम्ही सांगा. मसाला आई घरचा देणार आहे, तो विकत आणू देऊ नका. तुमचं अळणी वेगळं काढेन. लाकडांचं मात्र आधीच बघायला सांगा, गेल्या वर्षी ओली आली होती आणि रस्सा उतरायला दुपार झाली.

तुमचा,
आप्पांचा थोरला