अंबाजोगाईच्या गाडीचं ३,७१४ रुपये जादा बिल – तक्रार

प्रति,
तक्रार विभाग / कस्टमर केअर

विषय: छत्रपती संभाजीनगर ते अंबाजोगाई आणि परत, दोन दिवसांच्या गाडीचं जादा लावलेलं बिल परत मिळणेबाबत

नमस्कार,

ॲपवर तक्रार टाकली तर लगेच "तुमची समस्या सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आला आणि तिकीट बंद. कुणी सोडवली, कधी सोडवली, काही पत्ता नाही. म्हणून आता सगळं सविस्तर लिहायलोय, हे कृपया एखाद्या माणसानं वाचावं, मशीनचं उत्तर नकोय.

आमच्या मिसेसचं माहेर अंबाजोगाई. सासू-सासरे गेले, वाडा विकून झाला, मेव्हणा पुण्याला, म्हणजे आता तिथं हक्कानं जाऊन उतरावं असं घर राहिलं नाही. डिसेंबरात मार्गशीर्षातला योगेश्वरी देवीचा उत्सव होता, तर ती म्हणाली की यंदा दर्शन पण घेऊ आणि एकदा सगळं गाव बघून येऊ. एसटीनं गेलो असतो पण गावात पायी फिरणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून तर गाडी केली ना! बुकिंगच्या वेळी मी फोन करून मुद्दाम विचारलं होतं की गावात चार-पाच ठिकाणी फिरायचंय, मुक्काम आहे, चालेल ना, तर तुमच्या मॅडम म्हणाल्या, "सर, गाडी दोन दिवस तुमच्याकडंच आहे, ५०० किलोमीटरच्या आत कुठंही फिरा." कॉल रेकॉर्ड होतोय असं तुमचीच टेप सुरुवातीला सांगते, तर काढा ते रेकॉर्डिंग आणि ऐका.

जाताना काही तक्रार नाही. गेवराई, बीड, मांजरसुंब्याचा घाट, केज, गाडी व्यवस्थित, ड्रायव्हर पोरगं सांभाळून चालवणारं. घोटाळा गावात पोचल्यावर सुरू झाला. ॲपमध्ये उतरायचं ठिकाण म्हणून योगेश्वरी मंदिर टाकलेलं होतं. उत्सवाची गर्दी, गाडी मंदिरापर्यंत जाणं शक्यच नव्हतं, अलीकडंच उतरलो आणि चालत गेलो, तर तेवढ्यात तुमच्या ॲपनं "ट्रिप पूर्ण झाली" असं दाखवून टाकलं. दोन दिवसांची ट्रिप, पहिल्याच दुपारी पूर्ण! आणि त्यानंतर आम्ही जिथं जिथं गेलो ते सगळं बिलात "रूट डेव्हिएशन", म्हणजे ठरलेला रस्ता सोडून फिरणं, म्हणून आलंय, ९०० रुपये.

आता हे डेव्हिएशन म्हणजे काय ते सांगतो. पहिलं डेव्हिएशन मंडी बाजाराच्या मागची गल्ली, तिच्या वाड्याची. वाड्याच्या जागी आता तीन मजली बिल्डिंग आहे, खाली मोबाईलचं दुकान, पण शटरच्या कडेला जुन्या जोत्याचा एक दगड तसाच राहिलाय, मधोमध खोलगट झिजलेला. ती म्हणाली यावर बसून आम्ही चिंचोके खेळायचो. ती तिथं उभी असतानाच समोरच्या काकूंनी वरच्या खिडकीतून बघून ओळखलं, "अगं बाई, कवा आलाव?" आणि मग काय, ओढतच वर नेलं. मुरमुरे भिजवून पिळले, हिरव्या मिरचीची फोडणी, वरून डाळ्याचं कूट, गरम गरम सुशीला प्लेटीत, आणि "खाल्ल्याबिगर हलू देणार न्हाई" असा दम. गल्लीतल्या अजून दोघी-तिघी जमल्या, कोण गेलं, कोणाची पोरगी कुठं दिली, असं सगळं चाललेलं, आणि इकडं माझ्या फोनवर तुमचे मेसेज, "तुमची गाडी बराच वेळ थांबली आहे, तुम्ही सुरक्षित आहात का?" मी "हो" दाबायचो, थोड्या वेळानं परत तेच. शेवटी काकू म्हणाल्या, कुणाचा फोन यायलाय हो सारखा, देऊन टाका त्याला काय पायजे ते. त्या बसण्याचं तुम्ही वेटिंग लावलंय, २१० मिनिटं, मिनिटाला ६ रुपये, १,२६० रुपये.

मला एवढंच सांगा, ट्रिप मंदिरापाशी संपली होती तर वेटिंग कशाचं, आणि ट्रिप चालू होती तर डेव्हिएशन कशाचं? दोन्ही एकाच बिलात कसं बसवलं?

हत्तीखान्यालाही गेलो. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं, तिथले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच असं गावात सांगतात. म्हणजे आमच्याकडं उशिराची शिक्षा जुनीच आहे म्हणा, पण मिनिटाचा रेट कुणी लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदराजांच्या समाधीला. विवेकसिंधु लिहिणारे मुकुंदराज, ग्रंथ शके १११० चा म्हणजे ११८८ सालचा मानतात, आणि ते ठिकाण गावाबाहेर बालाघाटच्या दरीत आहे. मिसेसच्या शाळेची सहल तिथं पायी जायची, डब्यात धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी. दरीत उतरलं की मोबाईलला नेटवर्क नाही, ड्रायव्हरच्याही नाही. वर आलो तर तुमच्या ॲपनं किलोमीटर भलतेच वाढवलेले. बिलात एकूण ६११ किलोमीटर. माझ्याकडं निघतानाचा आणि परत आल्यावरचा गाडीच्या मीटरचा फोटो आहे, फरक ४७८. म्हणजे १३३ किलोमीटर हवेतले, तेवढ्यात आम्ही लातूरला जाऊन परत आलो असतो. ५०० च्या वरच्या १११ किलोमीटरचे १४ रुपयांनी १,५५४ लावलेत. फोटो सोबत जोडलेत, बघा.

इथपर्यंत पैशाचा विषय आहे, पुढचं त्याहून वाईट. मुकुंदराजहून परत गावात येताना तुमच्या ऑफिसचा ड्रायव्हरला फोन आला, स्पीकरवर होता, "पार्टी कुठंबी फिरवायलीय, त्यांना परत निघायला सांग, नाहीतर गाडी परळीच्या बुकिंगला लाव." आम्ही मागं बसून ऐकतोय! राहिली होती एकच जागा, माझ्या सासऱ्यांची शाळा, योगेश्वरी विद्यालय, जिथं स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. सासरे निजामाच्या राज्यात शिकले, त्यांच्या दाखल्यावर गावाचं नाव मोमिनाबाद आहे, आणि तो दाखला लॅमिनेट करून ही पर्समध्ये घेऊन आली होती, शाळेच्या दारात धरून फोटो काढायचा म्हणून. फोन ऐकल्यावर म्हणाली, "राहू द्या, निघू आता." दासोपंतांची समाधीपण तशीच राहिली. गाडीचे पूर्ण पैसे ॲडव्हान्स भरलेले असताना आम्ही चोरासारखं गावातून बाहेर पडलो, याचं काय करणार तुम्ही?

वर तुमच्या सपोर्टवाल्यांचं लेखी उत्तर असं की "ग्राहकाने गंतव्यस्थानी पोहोचल्यानंतर अनावश्यक ठिकाणी प्रवास केला." अनावश्यक कोणी ठरवलं? त्या ठिकाणांसाठीच तर गाडी घेतली होती. दर्शनापुरतं जायचं असतं तर एसटीचं तिकीट काढलं असतं.

तर डेव्हिएशनचे ९००, वेटिंगचे १,२६० आणि खोट्या किलोमीटरचे १,५५४, असे मिळून ३,७१४ रुपये परत पाहिजेत, ते पण बँक खात्यात, तुमच्या ॲपच्या वॉलेटमध्ये नकोत, कारण परत तुमची गाडी करायची नाहीये. आणि ऑफिसमधून तो फोन ज्यानं केला त्याच्याकडून मिसेसच्या नावे लेखी माफी. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग मी दिलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ ग्राहक हेल्पलाईनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथंच केस टाकता येते आणि एवढ्या रकमेला फी पण लागत नाही, म्हणजे संभाजीनगरला तारखेला तुम्हालाच यावं लागेल, मी रिटायर आहे, मला वेळच वेळ आहे.

अजून एक, हे पैसे परत देताना त्या ड्रायव्हरच्या हिशोबातून कापू नका. तो फोनवर तुमच्या साहेबाला "सर, पार्टीचं बुकिंग आज दिवसभराचं आहे" असं दोनदा म्हणाला होता, ते आम्ही ऐकलंय, आणि त्याला रेटिंग मी पाचच दिलंय.

आपला,
एक ग्राहक, छत्रपती संभाजीनगर
(बुकिंग नंबर, मीटरचे फोटो आणि बिल सोबत जोडले आहेत)