ड्रीमकास्टमध्ये चार्जिंगच्या बॅटरीऐवजी साधी सेल ठोकून दिली, त्याबद्दल तक्रार

दिनांक : १२ मे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : बॅटरी बदलायला दिलेली गेमची मशीन बिघडवून परत पाठवल्याबद्दल

नमस्कार साहेब / मॅडम जे कोणी वाचत असाल,

आधीच सांगतो, मी काही लिहिणारा माणूस नाही, वरुडजवळच्या खेड्यात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे माझं, त्यामुळे पत्र लांबलं नाहीतर मधातच आमची वऱ्हाडी घुसली तर सांभाळून घ्या. तुमच्या नंबरवर चारदा फोन केला, चारही वेळा नवीनच कोणीतरी उचलते आणि मला पुन्हा पहिल्यापासून रामायण सांगावं लागते, म्हणून आता एकदाच लेखी देतो, फोटोही सोबत जोडले आहेत.

मशीन सेगा ड्रीमकास्ट. आमचे मामा दुबईला कामाला होते त्यांनी २००० च्या दिवाळीत आणली होती, २३० व्होल्टवाली, त्यामुळे इथे ट्रान्सफॉर्मर वगैरे काही लागला नाही, थेट टीव्हीला लावली आणि सुरू. तेव्हा गावात कोणाकडे व्हिडिओ गेम म्हणजे पिवळ्या कॅसेटवाला, आमच्याकडे मात्र सीडीवाला, अर्ध्या गावातले पोट्टे आमच्या ओसरीवर. आता माझा मुलगा आणि भाच्चे खेळतात. चोवीस-पंचवीस वर्षांत तिला एकच आजार झाला, घड्याळ विसरायचा. आत बोर्डावर एक बटणासारखी बॅटरी सोल्डर केलेली असते, ती म्हातारी झाली की मशीन बंद केल्याबरोबर तारीख-वेळ पुसली जाते, आणि प्रत्येक वेळी चालू केली की ती आपली २७ नोव्हेंबर १९९८ दाखवून वेळ भरा म्हणते. त्या दिवशी ही मशीन जपानात पहिल्यांदा विकायला आली होती म्हणे. आमच्याकडे लाईन दिवसातून चारदा जाते, म्हणजे दिवसातून चारदा आम्ही १९९८ मध्ये. पोरांना त्याची मजा वाटायची, मला कटकट.

आता तुम्ही विचाराल की रोज सोल्डरिंग करणारा माणूस, मग स्वतः काहून नाही केलं. माझा आयर्न साठ वॅटचा, त्यानं मी मोटरच्या लीड जोडतो, त्यानं पंचवीस वर्षं जुन्या बोर्डाचा बारीक पॅड तापवला तर पॅडच उखडून हातात येतो, एका रेडिओचं असं करून बसलो आहे आधी. आणि दुसरं म्हणजे पाहिजे ती बॅटरी वरुडात भेटली नाही. यात लागते एमएल २०३२, ती चार्ज होणारी असते, मशीन चालू असली की बोर्ड तिला चार्ज करत राहतो. दुकानदार सीआर २०३२ काढून दाखवते आणि म्हणते, "घ्या ना भाऊ, सारखीच तं हाय." दिसायला सारखीच, वीस मिलीमीटर रुंद, ३.२ मिलीमीटर जाड, वर तीन व्होल्ट लिहिलेलं. पण सीआर ही एकदाच वापरायची सेल आहे, तिला चार्जिंग दिलं की ती फुगते, गळते, जास्त झालं तर फुटतेही. हे मला माहीत होतं म्हणून तर मी तुमच्यासारख्या जाणकार कंपनीला शोधत आलो! तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं "रेट्रो कन्सोल स्पेशालिस्ट".

१० मार्चला मशीन पाठवली. आमच्या गावात कुरिअर येत नाही, खोकं एसटीत मांडीवर घेऊन वरुडले नेलं. फॉर्मवर मी माझ्या हातानं लिहिलं होतं की एमएल २०३२ च टाका, आणि जमलं तर होल्डर बसवा म्हणजे पुढच्या वेळी सोल्डर करायचं कामच नाही, सेल काढली सेल घातली. एलआयआर २०३२ पण नको असंही लिहिलं, कारण ती ३.६ व्होल्टची, तिचा चार्जिंगचा हिशेबच वेगळा. व्हॉट्सॲपवर तुमच्याकडून उत्तर आलं, "ओके सर, डन". अंगठ्यासकट. तो स्क्रीनशॉट फोटो नंबर एक.

२ एप्रिलला मशीन परत आली, बिल १८५० रुपये. मेमरी बॅटरी ४५०, लेबर ९००, जायचं-यायचं कुरिअर ५००. मी पैसे आधीच टाकले होते, घासाघीस केली नाही, कारण हातानं काम करणाऱ्याचे पैसे कापायचे नाहीत हे माझंही तत्त्व आहे.

खोकं उघडलं तर मशीन हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळ वाजे. मॉडेम काढून खालून पाहिलं तर चारपैकी एक स्क्रू गायब, तोच जो मॉडेमखाली लपलेला असतो. मला वाटलं तोच स्क्रू आत पडला असेल. त्याच दिवशी फोन केला तर तुमच्या माणसानं सांगितलं, "सर, सील तोडू नका, वॉरंटी जाईल, स्क्रूनं काही होत नाही." बरं म्हटलं, तुम्ही म्हणता तर नाही होत. माझी चूक इथे झाली, मी ऐकलं.

घड्याळ मात्र बरोबर चालत होतं, खोटं कशाला बोलू. शाळांना सुट्ट्या लागल्या, पोट्टे दिवसाले चार-पाच तास खेळत, बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात कूलरसमोर मशीन. २४ एप्रिलच्या संध्याकाळी मुलगा दुकानात धावत आला, "बाबा, गाडी चालूनच नाही राह्यली." पाहतो तर चित्र येते, सीडी फिरते, आवाज येते, पण चारही पोर्टात कंट्रोलर लावून पाहिले, एकही ओळखत नाही. आणि समोरच्या बाजूनं वास येत होता, नेलपॉलिशसारखा. तो वास आल्यावर मी तुमच्या सीलचा विचार केला नाही, प्लग काढला, पोरांना बाहेर काढलं आणि मशीन दुकानात आणून उघडली. घरात चार लेकरं आहेत साहेब, वॉरंटीचं स्टिकर त्यांच्यापेक्षा मोठं नाही.

आत काय दिसलं ते नीट सांगतो. बॅटरी जिथे असते तो कंट्रोलरचा लहान बोर्ड, समोरच्या पोर्टांच्या मागचा. तिथे होल्डर नव्हता. काळ्या डबल टेपमध्ये गुंडाळलेली एक सेल आणि तिच्या दोन्ही अंगाला चिंचोक्याएवढा सोल्डरचा गोळा. म्हणजे टॅबवाली, सोल्डर करायला पत्र्याच्या पट्ट्या लावून येते ती बॅटरी पण आणली नाही, साध्या सेलच्या पत्र्यावर थेट आयर्न टेकवला! बॅटरीच्या टॅब कारखान्यात स्पॉट वेल्डिंगनं लावतात ते उगाच नाही, आयर्न टेकवला की आतलं प्लॅस्टिकचं सील भाजते. टेप हळूच सोडवला तर खाली लिहिलेलं, सीआर २०३२. जिथे चपटी पाहिजे तिथे पोटात वारा धरल्यासारखी फुगलेली, कडेला पांढरा थर. डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा बारीक पार्ट, शोधला, नाही. सीआर टाकायचीच होती तर वाटेत एक रुपयाचा डायोड टाकला असता, बोर्डाचं चार्जिंग तिच्यापर्यंत गेलंच नसतं, हे जुगाड पण लोक करतात आणि ते चालते. तुम्ही तेही केलं नाही. वरुडचा दुकानदार "सारखीच हाय" म्हणाला होता, तुमचा स्पेशालिस्टही तेच म्हणाला, फक्त दुकानदारानं तीस रुपये सांगितले होते.

आणि खुळखुळ? स्क्रू नव्हताच तो. जुन्या बॅटरीची कापलेली टॅब होती, नखाएवढा पत्र्याचा तुकडा, तुमच्या माणसानं कटरनं तोडला आणि आत तसाच सोडून दिला. तो फिरत फिरत पोर्टांच्या पायांत जाऊन अडकला. एफ१ नावाचा फ्यूज असते तिथे, दिसायला रेझिस्टरसारखा, कंट्रोलरचा सप्लाय त्याच्यातून जाते. मीटर लावला, मेला. म्हणूनच चारही पोर्ट एकदम गेले. पत्र्याचा तुकडा जिथे होता तिथेच ठेवून आधी फोटो काढला, मग चिमट्यानं काढला, फोटो चार आणि पाच.

यावर तुमच्याकडून फोनवर काय उत्तर मिळालं? "सर, तुमच्याकडे व्होल्टेज फ्लक्च्युएशन असेल, रूरल एरियात होतं असं." हे ऐकून मी खरंच दोन मिनिटं गप्प बसलो. व्होल्टेज खालीवर होते हे मला तुम्ही सांगता? माझं पोटच त्याच्यावर चालते, उन्हाळ्यात संत्र्याला पाणी द्यायच्या दिवसांत जळालेल्या मोटरींची माझ्या दारात लाईन लागते. मशीन स्टॅबिलायझरवर आहे, पॉवर सप्लाय ठणठणीत, चित्र येते, आवाज येते. आणि लाईनमध्ये कितीही झटका आला तरी एमएलची सीआर होत नाही हो. झटक्यानं टॅब कापून आत टाकली का, स्क्रू झटक्यानं नेला का.

दुसरी गोष्ट, व्हीएमयूची. कंट्रोलरमध्ये जे लहान स्क्रीनवालं मेमरी कार्ड बसते ते. तुम्हीच म्हणाले सगळे पार्ट पाठवा टेस्टिंगला, म्हणून पाठवलं. परत आलं तर पूर्ण कोरं, दोनशेच्या दोनशे ब्लॉक खाली. तुमची मॅडम म्हणते, "मेमरी बॅटरी चेंज केली की डेटा जातोच सर." नाही जात मॅडम. बिलावर तुम्ही मेमरी बॅटरी लिहिलं म्हणून ती मेमरीची होत नाही, मशीनमधली बॅटरी घड्याळ सांभाळते. सेव्ह, म्हणजे गेमात जिथवर पोचलो ते आणि रेकॉर्ड, असतात व्हीएमयूच्या फ्लॅश मेमरीत, तिला टिकायला करंटच लागत नाही. व्हीएमयूत स्वतःच्या दोन सीआर २०३२ असतात, त्या मेल्या की मशीन चालू करताना ते पीईई करून ओरडते, आमचं दहा वर्षं ओरडत होतं, पण सेव्ह जागच्या जागी. जुन्या कॅसेटवाल्या गेमात बॅटरी काढली की सेव्ह जाते, ते खरं आहे, त्यात मेमरी बॅटरीवरच जिवंत असते. यात तसं नाही. यात कोणीतरी मेनूत जाऊन डिलीट दाबल्याशिवाय पुसलं जात नाही.

त्यात काय होतं असं विचाराल तर मासेमारीच्या गेमचा एक रेकॉर्ड होता, माझ्या लहान बहिणीचा, २००३ चा, लग्नाच्या आधीचा. आता ती पांढुर्ण्याला असते, दर दिवाळीत येते आणि आल्याआल्या पहिले तो रेकॉर्ड कोणी मोडला का ते बघते. कोणी मोडला नव्हता. तुम्ही मोडला, तेही मासा न पकडता. तिला मी अजून सांगितलं नाही. याची भरपाई पैशात मागत नाही कारण कशी मागायची तेच कळत नाही, पण कोणी पुसलं आणि काहून पुसलं याचं उत्तर पाहिजे.

माझ्या धंद्यात बोलायचं तर पाच एचपीच्या मोटरीत ॲल्युमिनियमची तार भरून मी तांब्याचं बिल दिलं तर शेतकरी मला दुकानातून ओढून पारावर नेतील, आणि बरोबरच करतील. तुमचं काम नेमकं तेच आहे. फरक एवढाच की तुमचं दुकान लांब आहे.

आता मला काय पाहिजे. १८५० रुपये पूर्ण परत, कुरिअरसकट. मशीन पुन्हा तुमच्या हातात देणार की नाही ते अजून ठरवलं नाही, बायको तर म्हणते, "आता कोनालेच नोका देऊ ते, घरीच फुकून टाका पाह्यजे तं." पण दिली तर तुमच्या खर्चानं नेऊन एफ१ नवीन, बोर्ड साफ, होल्डर आणि खरी एमएल २०३२, तिचं पाकीट मला फोटोत दाखवून. नाही दिली तर हे सगळं मी दुसऱ्याकडून करून घेईन आणि त्याचं बिल तुम्ही भरायचं. कोणत्याही हालतीत तो चौथा स्क्रू पाठवा. आणि ज्या पोरानं हे काम केलं त्याला नोकरीवरून काढू नका, त्याला एमएल आणि सीआरमधला फरक शिकवा, त्याच्या हातात ४५० रुपयांचं पार्ट द्यायच्या ऐवजी तीस रुपयांचं कोणी दिलं हे आधी शोधा.

पंधरा दिवस वाट बघतो. मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला, आणि तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यानं मी राहतो तिथल्याच जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे मला तुमच्या शहरात चकरा मारायची गरज नाही, अमरावतीले तुम्हालाच यावं लागेल, आणि पाच लाखांच्या आतल्या कामाला फी पण लागत नाही. हे मी धमकी म्हणून नाही लिहीत, मे महिना आहे, मोटरींचा ढीग पडला आहे, मलाही वेळ नाही.

फुगलेली सेल मी फेकली नाही. टोकांवर टेप लावून काचेच्या बरणीत रेती टाकून ठेवली आहे, दुकानाच्या मागे, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. कापलेली टॅब वेगळ्या पुडीत आहे. सेल कुरिअरनं पाठवणार नाही, असली फुगलेली वस्तू पार्सलात घालायची नसते. तुमचा माणूस पाठवा, बघून घेऊ द्या. वरुडले उतरून कोणालाही वाइंडिंगवाला विचारलं की सांगतील, फक्त दुपारी एक ते चार येऊ नका, तेव्हा ऊन लय असते.

आपला,
एक ग्राहक
(बिल नंबर आणि फोटो सोबत जोडले आहेत)