केबलच्या आधी लायनर बघणाऱ्या मिस्त्री काकांना

मिस्त्री काका, सप्रेम नमस्कार.

पैसे खिशात टाकले आणि तुम्ही लगेच पुढच्या टेम्पोखाली शिरलात, त्यामुळे आभार मानायचे राहून गेले. शिवाय चढावर गाड्या लावणाऱ्या इतरांच्याही कानावर तुमचं हे हँडब्रेकचं काम जायला हवं, म्हणून चारचौघांत लिहितेय.

आमची पिकअप रात्री विक्रोळी पार्कसाईटच्या चढावर उभी असते. सपाट जागा तिथे मिळते कुणाला? पहाटे वाशीच्या मार्केटला जायचं, कांदा-बटाटा भरून परतायचं. हँडब्रेक हळूहळू ढिला होत गेला. आधी चार-पाच खटक्यांत पकड घ्यायचा, पुढेपुढे लिव्हर पार उभी केली तरी भरलेली गाडी सरकायची. चाकामागे दगड लावायचोच, पण खाली रिक्षांची रांग आणि शाळेच्या पोरांची वर्दळ. दगडाच्या भरवशावर झोप लागत नाही. एका गॅरेजवाल्याने लिव्हरखालचा नट आवळून दिला. काम झटपट, ब्रेकही कडक. थोड्याच दिवसांत मागचं डावं चाक असं तापायला लागलं की जवळ हात नेववेना, आणि डिझेलही जास्त जाऊ लागलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा भाऊजी म्हणाले, "काका, नट थोडा सैल करून द्या, मधलं काहीतरी जुळवा." तुम्ही बोनेटवर हात टेकून एवढंच म्हणालात, "केबल शेवटी. आधी लायनर." केबल म्हणजे हँडब्रेकची तार, आणि लायनर म्हणजे चाकातल्या गोल ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारा ब्रेकचा थर.

आणि मग थांबवून ठेवलंत. गाडी बाजारातून थेट आली होती, ड्रम गरम होते. गरम ड्रम फुगलेला असतो, तेव्हा जुळवलं तर गार झाल्यावर लायनर घासणार, म्हणून आधी चहा. घाईच्या धंद्यात गिऱ्हाईकाला असं थांबवायला धीर लागतो, काका. दुसऱ्या कुणी अर्ध्या तासात पैसे घेऊन गाडी बाहेर काढली असती.

पुढचं सगळं तुम्ही भाऊजींना बाजूला बसवून दाखवलंत, त्याचे आभार वेगळे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. जॅक चासीला न लावता मागच्या अ‍ॅक्सलला, आणि घोड्याही (गाडी टेकवायचे स्टँड) अ‍ॅक्सलखालीच. चासी उचलली की पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) लोंबतात, केबलचा ताण बदलतो आणि वर जुळवलेलं खाली चुकतं. हँडब्रेक पूर्ण सोडून केबलचा नट ढिला केलात. ड्रम काढल्यावर तुमचा पोरगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला, तर त्याच्यावर ओरडलात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. पोरगा हिरमुसला, पण त्याच्या फुप्फुसांचं भलं झालं.

तुमचं एक वाक्य मी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलंय: "पायाचा ब्रेक तेलावर, हाताचा तारेवर, लायनर दोघांचं एकच." आमच्या गाडीला मागे ड्रम आहेत, त्यामुळे लायनर झिजलं की ते ड्रमपासून लांब राहतं. ती फट केबल ओढून भरून काढली तर लायनर कधी पूर्ण मागे बसतच नाही, गाडी अर्धवट ब्रेक लावूनच पळत राहते. चाक का तापत होतं ते तेव्हा उमगलं.

आमचं लायनर अजून चालण्याजोगं निघालं. ड्रम परत बसवून, मागच्या पत्र्यावरचं रबरी बूच काढून तुम्ही स्क्रूड्रायव्हरने आतला दातेरी अ‍ॅडजस्टर फिरवलात. चाक हाताने हलेना इतपत आणलंत, मग एकेक दात मागे घेत चाक मोकळं फिरेपर्यंत सोडलंत. मध्ये भाऊजींना पायाचा ब्रेक दाबायला लावून लायनर जागेवर बसवून घेतलंत. दोन्ही चाकांना तसंच. केबलची पाळी त्यानंतर आली, आणि खरी गोम तिथे होती. दोन्ही केबल ओढणारी पट्टी लिव्हर उचलल्यावर तिरकी होत होती. म्हणजे एक बाजू येत होती, दुसरी येत नव्हती. डावी केबल पावसाच्या पाण्याने वेष्टणाच्या आत गंजली होती. नुसता नट आवळून ते कधी दिसलं नसतं. आम्ही जुनी केबल घेऊन कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो, लांबी ताडून नवी आणली, आणि ती बसल्यावर पट्टी सरळ झाली. लॉकनट घट्ट करून तुम्ही दोन्ही चाकं पुन्हा फिरवून पाहिलीत.

काम झालं म्हणून सोडलंही नाहीत. दुसऱ्या दिवशी माल भरूनच गाडी आणायला सांगितलीत. रिकाम्या गाडीवर हँडब्रेक पकडतो यात काय नवल! बाजूच्या चढावर एकदा तोंड वर करून, एकदा खाली करून उभी केलीत. हललीच नाही. गाडी लावायचा क्रमही तेव्हाच शिकवलात: पायाचा ब्रेक दाबून ठेवायचा, हँडब्रेक ओढायचा, पाय हळूच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा, आणि गिअर त्यानंतर. तोंड वर असेल तर पहिला, खाली असेल तर रिव्हर्स. चाकामागचा दगड तरीही ठेवायचाच. भाऊजी आता तसंच करतात. मी रोज खिडकीतून बघते, त्यांना ते आवडत नाही.

पासिंगपुरता हँडब्रेक दाखवला की झालं, असं आमच्या गल्लीत पुष्कळांना वाटतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९६ मध्ये पायाच्या ब्रेकबरोबर पार्किंग ब्रेकही मागितलाय, हे मी शेजारच्या दोन टेम्पोवाल्यांना सांगून पाहिलं. त्यांना नियमापेक्षा तिरक्या पट्टीची गोष्ट जास्त पटली. दोघेही येतील, तुमचाच पत्ता दिलाय.

उजवी केबल पाऊस ओसरल्यावर बदलू म्हणाला होतात. दिवाळीत बाजार वाढतो, तेव्हा गाडी सोडता येणार नाही. दसऱ्याच्या आधी आणते. केबल या वेळी आधीच घेऊन ठेवू. आणि गाडी सकाळी थंड असतानाच आणू, म्हणजे तुमचा खोळंबा नको.

आपली,
पार्कसाईटच्या कांदा-बटाटावाल्या वहिनी