आरक्षित पार्किंगपर्यंत पोहोचता न येणे आणि नाकारलेला परतावा याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुन्या शहरातील पार्किंगच्या बुकिंगची पूर्ण रक्कम परत मिळणे आणि ॲपवरील अपुरी माहिती दुरुस्त होणे.

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात तुमच्या ॲपवरून मी एका जुन्या शहराच्या मध्यभागी, तटबंदीच्या आत असलेल्या पार्किंगमध्ये दिवसभरासाठी जागा घेतली. पैसे आगाऊ कापले गेले, पावतीही लगेच आली. गाडी मात्र त्या जागेवर कधीच लागली नाही. त्यावर तुम्ही आमच्या नावापुढे ‘ग्राहक आला नाही’ असा शेरा मारून परतावा नाकारलात. चॅटवर पाठवलेल्या ठोकळेबाज उत्तराने माझे समाधान झालेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही आलो होतो. वेळेच्या आधीच आलो होतो. ॲपमधले ‘मार्ग दाखवा’ हे बटण दाबून त्याप्रमाणे गाडी नेली, तर जुन्या वेशीच्या तोंडाशी पाटी : ठरावीक वेळेत फक्त रहिवासी आणि परवानाधारक वाहनांना प्रवेश. वर कॅमेरा. मागे गाड्यांची रांग, वळायला जागा नाही, गाडीत गुडघ्यांचे दुखणे असलेल्या सासूबाई. तुमच्या पानावर या निर्बंधाचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. मी बुकिंगची पावती, अटी आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट पुन्हा वाचून पाहिले आहेत आणि ते सोबत जोडले आहेत.

तुमच्या प्रतिनिधीचे म्हणणे असे की, वाहतुकीचे नियम पाळणे ही चालकाची जबाबदारी आहे. अगदी मान्य. पाटी पाळली म्हणूनच तर माझे पैसे गेले! पाटी न पाळता आत शिरले असते तर तुमच्या लेखी मी ‘आलेली ग्राहक’ ठरले असते आणि दंडाची नोटीस पुढे कधीतरी घरी आली असती. हा धोका किती खरा आहे, हे या धंद्यातल्या कंपनीला मी सांगायला नको. इटलीतल्या जुन्या शहरांमध्ये ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. वेशीवरचा कॅमेरा नंबर प्लेट टिपतो, तिथे अडवायला कुणी पोलीस उभा नसतो. दुसऱ्या देशात राहणाऱ्या वाहनधारकाला ती नोटीस ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते आणि चुकून दोनदा आत शिरलात तर दोन वेगळे दंड लागू शकतात. भाड्याची गाडी असेल तर भाडे कंपनी तुमची माहिती कळवण्याचे शुल्क वेगळे लावते. मात्र फ्लॉरेन्ससारख्या शहरात त्या क्षेत्राच्या आतले गॅरेज तुमच्या गाडीचा नंबर महापालिकेकडे नोंदवू शकते आणि मग आत जाणे वैध ठरते. म्हणजे उपाय आहे. फक्त तो ग्राहकाला आधी माहीत हवा, आणि नंबर कोणी, कधी नोंदवायचा हे बुकिंग करतानाच ठरायला हवे. तुम्ही माझा नंबर घेतलात. तो पुढे कुठेच पाठवला नाहीत.

जर्मनीतल्या अनेक शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत, म्हणजे कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांनाच प्रवेश असलेल्या भागांत, काचेवर हिरवा स्टिकर लागतो, परदेशी गाडीलाही. बेल्जियममधल्या गेन्टने २०१७ मध्ये शहराचा मध्यभाग विभागांमध्ये वाटला. गाडीने एका विभागातून शेजारच्यात थेट जाता येत नाही, बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरावे लागते. अशा शहरात चुकीच्या बाजूने आत गेलेल्या माणसाला नकाशावर शंभर मीटरवर दिसणारे पार्किंग गाठायला अख्खा फेरा पडतो. जुन्या शहरांत रस्ते गाड्यांच्या आधीचे आहेत, त्यामुळे तिथे ‘कुठे’ यापेक्षा ‘कोणत्या बाजूने’ हा प्रश्न मोठा असतो. तुम्ही मात्र सगळीकडे एकच साचा वापरता : फोटो, दर, नकाशावर जागा दाखवणारी पिन.

त्या पिनबद्दलही सांगते. वेशीवरून गाडी मागे काढून, विचारत विचारत आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो. तेव्हा कळले की पार्किंगचे गाड्यांसाठीचे तोंड मागच्या, निर्बंध नसलेल्या रस्त्यावर आहे. तुमची पिन इमारतीच्या मधोमध टोचलेली, म्हणून ॲपने आपल्याला जवळची वाटलेली गल्ली निवडली, आणि त्या गल्लीकडे आहे फक्त पादचाऱ्यांचे दार. उंच भिंतींच्या अरुंद बोळांमध्ये उपग्रहाचे सिग्नल आपटून परततात आणि फोनवरचा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, हे समजू शकते. पण पिन कुठे टोचायची हे उपग्रह ठरवत नाही, तुम्ही ठरवता.

मागच्या तोंडाशी नवीनच अडचण. उताराच्या सुरुवातीला कमाल उंचीची पाटी, आणि आमच्या गाडीच्या टपावर सामानाची पेटी. तळघरातली पार्किंग अनेकदा दोन मीटरच्या आसपासच उंच असतात. तुमच्या फॉर्ममध्ये गाडीचा प्रकार विचारला आहे, अगदी रंगही विचारला आहे. उंची नाही. (रंगाचे तुम्ही काय करता, हे जाणून घ्यायला मला खरोखर आवडेल.) पुन्हा रिव्हर्स, पुन्हा मागच्यांचे हॉर्न.

एवढ्यात उशिरासाठी दिलेली सवलतीची मिनिटे संपली आणि ॲपने बुकिंग आपोआप रद्द केले. परतावा मागितला तर पुरावा म्हणून सांगण्यात आले की बॅरियरवरच्या कॅमेऱ्यात आमचा नंबर आलाच नाही. कसा येणार? बॅरियर उताराच्या खाली आहे. त्याच वेळेत मी ॲपच्या मदत क्रमांकावर केलेल्या कॉलची नोंद तुमच्याकडे असेलच. फोनवर रांगेत ठेवून कॉल तोडला गेला.

‘केंद्रापासून ४०० मीटर’ हा दावाही तपासा. तो नकाशावर पट्टी ठेवून काढलेला आकडा आहे. प्रत्यक्षात मधे चढ आहे आणि पायऱ्या आहेत. व्हेनिसमध्ये गाडी शहराच्या तोंडाशी, पियात्साले रोमा या चौकापाशी थांबते, पुढे फक्त पूल आणि पाणी. तिथे सरळ रेषेतल्या अंतराचा कुणाला काय उपयोग? चालत जायची वाट आणि तिच्यावरच्या पायऱ्या सांगितल्या असत्या, तर वयस्कर माणूस सोबत असताना मी ही जागा घेतलीच नसती.

शेवटी आम्ही शहराबाहेरच्या मोठ्या वाहनतळावर गाडी लावून बसने आत गेलो. बस वेशीच्या आत, चौकापर्यंत जात होती. ही सोय काही नवी नाही. ऑक्सफर्डमध्ये कायमस्वरूपी ‘पार्क अँड राइड’ १९७३ पासून आहे. तुमच्या ॲपवर मात्र आम्ही गेलेल्या शहरातला असा एकही पर्याय दिसला नाही. त्यात तुम्हाला कमिशन नसेल, तर तसे लिहा, पण ‘या शहरातील सर्व पार्किंग’ हा मथळा काढून टाका.

तुमची जाहिरात म्हणते की, जागा शोधत घिरट्या घालणे आता संपले. अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी १९२७ ते २००१ या काळातल्या अनेक पाहण्या एकत्र मांडल्या, तेव्हा मोकळी जागा शोधण्यात सरासरी ८ मिनिटे जातात असे दिसले होते. आगाऊ पैसे भरून आम्ही त्याच्या कितीतरी पट वेळ घिरट्या घातल्या.

माझी मागणी अशी : बुकिंगची पूर्ण रक्कम, सेवाशुल्कासह, परत करावी. कूपन किंवा पुढच्या बुकिंगवर सवलत नको. माझ्या खात्यावरचा ‘ग्राहक आला नाही’ हा शेरा काढावा, कारण तो खोटा आहे. शिवाय या पार्किंगच्या पानावर गाडी आत जाण्याचे तोंड नेमके कोणत्या रस्त्यावर आहे, तिथवर निर्बंधित क्षेत्रातून जावे लागते का, लागत असल्यास नंबर कोण नोंदवतो, कमाल उंची किती आणि चालत जायची खरी वाट कशी आहे, हे पैसे घेण्याआधी दिसेल अशा जागी लिहावे. प्रवेशद्वारापर्यंत पोहोचताच आले नाही तर काय, याचे कलमही तुमच्या अटींमध्ये नाही, ते घालावे.

पावती, वेशीवरच्या आणि उंचीच्या पाटीचे फोटो, मदत क्रमांकावरच्या कॉलचा तपशील आणि तुमच्या प्रतिनिधीशी झालेले चॅट सोबत जोडले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळाले नाही, तर ही सगळी कागदपत्रे ग्राहक आयोगापुढे ठेवीन. उत्तर कृपया माणसाने लिहावे, आणि त्याने त्याआधी जोडलेले फोटो उघडून पाहावेत.

आपली,
बुकिंगवर नाव असलेली ग्राहक