ताई, माझ्या डाय आता सापडतात

प्रिय ताई,

तुमचे आभार फोनवर मानून झाले आहेत, तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. कागदकाम करणाऱ्या कितीतरी जणींकडे डायचे, म्हणजे मशीनमध्ये दाबून कागदातून ठरावीक आकार कापायच्या धातूच्या साच्यांचे, ढीग साठलेले असतात. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्यापर्यंतही जावं असं मनापासून वाटतं.

आपण आवरायला बसलो तेव्हा खोकं उघडायच्या आधीच तुम्ही विचारलंत, "एखादी डाय हवी असते तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? नाव, कंपनी, की आकार?" मी म्हटलं, आकार. मग सगळी मांडणी तुम्ही त्या एका उत्तरावर केलीत. डाय म्हणजे राखाडी पत्र्याची बारीक नक्षी. दहा डाय शेजारी ठेवल्या तर नेचाचं पान कुठलं आणि लेसची कड कुठली हे पटकन कळत नाही. म्हणून प्रत्येक डायने गडद कागदातून एक नमुना कापायचा आणि पांढऱ्या कार्डावर चिकटवून पाकिटात दर्शनी बाजूला ठेवायचा. एकात एक बसणाऱ्या चौकटींचा संच असेल तर सर्वांत मोठी कापायची आणि आतल्या चौकटी पेन्सिलने गिरवायच्या. मूळ वेष्टनावरचं नाव आणि क्रमांक तेवढा कातरून कार्डाच्या मागे लावायचा, म्हणजे तोच संच दुसऱ्यांदा विकत घेतला जात नाही.

कोपऱ्यात नगांचा आकडा लिहायला लावलात, त्याचं मोल मला नंतर समजलं. पाकळ्यांच्या संचावर "७ नग" लिहिलेलं असलं की काम संपल्यावर मोजणं आपसूक होतं. एक कमी भरला तर कपट्यांची टोपली रिकामी करायच्या आधीच शोध सुरू होतो. नखाएवढी डाय कातरलेल्या कागदात सहज लपते, आणि केरात गेली की गेलीच.

आता चुंबकांबद्दल. बाजारात डाय ठेवण्यासाठी तयार चुंबकी पत्रे मिळतात आणि मी तेच मागवायच्या विचारात होते. तुम्ही फ्रिजच्या दारावरचे जाहिरातींचे जुने, लवचीक चुंबक काढायला सांगितलेत. ते फेराइटची पूड प्लास्टिकात किंवा रबरात मिसळून केलेले असतात आणि त्यांची जवळजवळ सगळी ओढ छपाई नसलेल्या बाजूला असते. म्हणून छापील बाजूला गोंद लावून ती पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवायची आणि काळपट बाजू वर ठेवायची. पुठ्ठाही रिकाम्या खोक्यांचाच. अख्खं कार्ड चुंबकाने भरायची गरज नाही, हे तर मला फार आवडलं. हलक्या डायला दोन बोटं रुंदीची पट्टी पुरते, मोठ्या चौकटीला वर एक आणि खाली एक. अशाने थोड्या चुंबकांत बरंच काम भागलं.

प्रत्येक डाय आधी चुंबकाला लावून बघायची, हीही तुमचीच सूचना. पातळ पोलादी डाय लगेच धरतात. पितळेची असेल तर धरत नाही. फोम आणि लाकडात बसवलेल्या जाड डाय तर मुळात पाकिटात मावत नाहीत. त्यांच्यासाठी बुटांचा खोका घेऊन त्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या, तेवढं पुरलं.

कार्डं कापताना तुम्ही डीव्हीडीची रिकामी डबी माप म्हणून घेतलीत. ती साधारण १९ सेंटीमीटर उंच आणि १३.५ सेंटीमीटर रुंद असते, म्हणून कार्ड चारी बाजूंनी किंचित लहान कापलं की डबीतही बसतं आणि पाकिटातही. डबीच्या मधली तबकडी अडकवायची खुंटी मात्र पक्कडीने काढावी लागते, नाहीतर कार्ड सपाट बसत नाही. मोठे संच डब्यांत गेले, बाकीचे पारदर्शक पाकिटांत. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला ठेवायची, कारण दोन चुंबकी बाजू समोरासमोर आल्या की एकमेकींना धरून बसतात आणि ओढून सोडवताना नाजूक डाय वाकायची भीती असते.

एका गोष्टीवर आपलं जमत नव्हतं. मला प्रसंगानुसार गट हवे होते: वाढदिवस, अभिनंदन, सांत्वन. तुम्ही म्हणालात, पान हे पानच असतं, ते तिन्ही कार्डांवर लागतं, मग ठेवशील कुठे? चौकटी, कडा, फुलं-पानं, प्राणी आणि अक्षरं एवढेच गट करायला लावलेत. आज मला तुमचंच म्हणणं पटतं. गट जितके थोडे तितकी वस्तू जागेवर परत ठेवताना शंका कमी.

निघताना तुम्ही पर्समधून सिलिका जेलच्या पुड्या काढून खोक्यात टाकल्यात. पोलादाला दमट हवेत गंज चढतो आणि धारेवर गंज आला की कागद स्वच्छ कापला जात नाही. जाळीत अडकलेले कपटे कोरड्या, मऊ टूथब्रशने झाडायचे, पाणी लावायचं नाही. साध्या चिकटपट्टीने डाय पुठ्ठ्यावर लावून ठेवू नये, तिचा गोंद धातूवर राहतो, हेही तुम्ही बजावलंत.

ताई, नेचाच्या पानाची ती डाय मी हौसेने घेतली होती आणि ती कधी वापरलीच गेली नव्हती. परवा मैत्रिणीच्या कार्डासाठी पाकिटं चाळताना तिचा हिरवा नमुना दिसला आणि लगेच मशीनवर चढवली. कार्ड सुंदर झालं. माझ्याकडे काय आहे हे मला दिसू लागलं, ते तुमच्यामुळे. तुम्ही दुपारभर जमिनीवर बसून माझ्यासाठी पुठ्ठे कापत होतात, आणि एकदाही मला काही विकत घ्यायला सांगितलं नाहीत. त्याबद्दल तुमचे खूप खूप आभार.

अक्षरांचे संच अजून लावायचे आहेत. अक्षरं सारखी लागतात आणि दर वेळी पाच-सहा एकदम काढावी लागतात, त्यामुळे एकाच मोठ्या चुंबकी कार्डावर सगळी मुळाक्षरं क्रमाने लावावीत असं माझ्या मनात आहे. प्रत्येकाखाली पेन्सिलने त्याचा आकार गिरवला तर रिकामी जागा लगेच दिसेल. तुम्ही कसं केलं असतंत, ते जरूर कळवा.

तुमची,
कागदकामातली धाकटी मैत्रीण