बंड्या, तुझ्या त्या पेशंटबद्दल

इचलकरंजी,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझं पत्र बुधवारीच मिळालं. पण पाऊस सुरू झाल्यापासून दवाखान्यात तापाच्या पेशंटची रांग हटत नाही, म्हणून उत्तराला रविवार उजाडला. तुझ्या त्या बाळंतिणीचं वाचलं आणि मन बेचैन झालं. तीन महिन्यांचं बाळ, डोळ्याला डोळा नाही, कशात जीव रमत नाही. तू सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी लिहून दिलीस आणि ती परत आलीच नाही. दूध बिघडेल म्हणून सासूने गोळ्या बंद करायला लावल्या, हे तुला आशाताईंकडून कळलं. आणि तू विचारतोस, "आप्पा, अशांना पटवायचं कसं?"

अरे, मी वीस वर्षं पटवतच आलो. माझं चुकत होतं ते तिथेच.

एका माणसाचं सांगतो. चाळिशीचा यंत्रमाग कामगार. अन्न जात नव्हतं, वजन उतरलेलं, झोप नाही, "जगून काय करायचं" अशी भाषा. मी मिर्टाझापिन दिलं. झोपही लागेल, भूकही लागेल, असा हिशेब. चिठ्ठीवर लिहिलं, 'रात्री एक'. दोन महिने तो फिरकलाच नाही. मग बायको त्याला घेऊन आली, तेव्हा कळलं की तो कायम रातपाळीला. मी रात्री घ्या म्हणालो म्हणून आठला जेवून गोळी घ्यायचा आणि मागावर जायचा. तिसऱ्या रात्री उभ्याउभ्या डुलकी लागली. ताण्याचे धागे तुटले, माग तसाच चालू राहिला, कापड वाया गेलं आणि मालकाने पगारातून पैसे कापले. हे सांगताना तो माझ्यावर चिडला नाही. खाली बघत एवढंच म्हणाला, "साहेब, मी पाळी कुठली करतो ते तुम्ही विचारलंच नाही."

बंड्या, ते वाक्य अजून कानात आहे. नैराश्याच्या बहुतेक गोळ्या गुणाला साधारण सारख्याच, हे आपण शिकलो होतो. फरक असतो तो त्रासात. कुणाने झोप येते, कुणाने उडते. मिर्टाझापिन आणि पॅरॉक्सेटिनने वजन वाढू शकतं. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकदम सोडलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड बऱ्याचदा होते. फ्लुओक्सेटिन अंगातून हळूहळू उतरतं, म्हणून सोडताना सोपं जातं. आता यातला कुठला त्रास चालेल आणि कुठला नाही, हे मला कसं कळणार? ते त्या माणसाच्या घरात, त्याच्या पाळीत, त्याच्या संसारात दडलेलं असतं. गोळीची माहिती माझ्याकडे, जगण्याची त्याच्याकडे. दोन्ही एका टेबलावर आल्याशिवाय चिठ्ठी लिहायचीच कशी?

अमेरिकेत मेयो क्लिनिक या मोठ्या रुग्णालयवाल्यांनी यासाठी कार्डं केली आहेत. वजन, झोप, लैंगिक अडचणी, गोळी थांबवणं, खर्च, एकेका विषयाचं एकेक कार्ड, आणि त्यावर कुठली गोळी काय करते ते. पेशंटने आधी कुठल्या विषयावर बोलायचं ते निवडायचं. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधल्या दहा दवाखान्यांत सुमारे तीनशे पेशंटवर त्यांनी हे तपासून २०१५ मध्ये छापलं. पेशंटना निर्णयाबद्दल जास्त निश्चिंत वाटलं, माहिती जास्त कळली, आणि तपासणीचा वेळही वाढला नाही. पण गोळ्या नियमित घेणं किंवा आजार उतरणं यात फरक दिसला नाही. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तरीही मी ते करतो, कारण गोळी त्याच्या अंगात जाणार आहे.

मी पुठ्ठ्यावर मराठीत तशीच कार्डं केली. मागच्या महिन्यात एक तेवीस वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. कार्डं मांडली. आई 'वजन'वर बोट ठेवून बोलत राहिली, "वाळलाय किती बघा." त्याने मात्र 'लैंगिक अडचणी'चं कार्ड हळूच उलटं केलं आणि कोपराखाली सरकवलं. मी आईला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मग तो बोलला. दिवाळीनंतर लग्न ठरलंय, आणि मित्राकडून ऐकलंय की या गोळ्यांनी 'ते' जातं. एस्सिटॅलोप्रामने असा त्रास बऱ्याच जणांना होतो, हे मी लपवलं नाही. बुप्रोपिऑनने कमी होतो, पण कधी फिट आली असेल तर ते चालत नाही, हेही सांगितलं. फिटचा इतिहास नव्हता. त्याने बुप्रोपिऑन निवडलं. पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात, म्हणून आठवड्यात परत ये म्हणालो आणि आईलाही लक्ष ठेवायला सांगितलं. बरोबर सातव्या दिवशी आला.

पण एक सांभाळ. निर्णय त्याच्या डोक्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही. या आजारात माणसाला भाजी कुठली आणायची हेसुद्धा ठरवता येत नाही. "डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा" असं कुणी म्हणालं तर मी ठरवतो. फक्त आधी विचारतो, "कुठला त्रास झाला तर तुम्ही ही गोळी फेकून द्याल?" याचं उत्तर अगदी खचलेला माणूसही देतो. आणि न विचारताच सांगून टाकतो, की गुण यायला दोन-चार आठवडे जातात, कधी सहाही; मळमळ आधी येते आणि बहुधा ओसरते; पहिल्याच गोळीने सगळ्यांना बरं वाटत नाही, मग दुसरी बघायची; बरं वाटल्यावरही किमान सहा महिने घ्यायची; दारूसारखं व्यसन लागत नाही, पण सोडायची ती मला विचारून, हळूहळू.

गोळी नको म्हणणाराही ठरवण्यात भागीदारच. आजार सौम्य असेल तर मी आग्रह धरत नाही. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठका घेतल्या, त्याही जड नैराश्याच्या पेशंटबरोबर, आणि गुण आला. २०१७ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आपल्या तालुक्यांत अशी माणसं कधी मिळतील, याची मला फार तळमळ आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर स्पष्टच आहे, की उपचार काय आणि त्याचे त्रास काय, हे पेशंटला त्याला कळेल अशा भाषेत कळणं हा त्याचा हक्क आहे.

आता तुझी बाळंतीण. आशाताईंना सांगून तिला बोलाव, पण गोळीचं नाव काढू नकोस. बाळाचं वजन बघायला ये म्हण. आधी तिला एकटीला भेट. स्वतःचं किंवा बाळाचं काही करून घ्यावंसं वाटतं का, हे सरळ विचार. हो म्हणाली तर तिथे ठरवाठरवी नाही, त्याच दिवशी रत्नागिरीला मानसोपचारतज्ज्ञाकडे. नाही म्हणाली तर तिला कशाची भीती वाटते ते ऐक. कदाचित दूध ही सासूची भीती असेल आणि हिची दुसरीच काही.

मग सासूबाईंना आत बोलाव. त्यांना अडाणी समजू नकोस. नातवाच्या दुधाची काळजी त्या करणार नाहीत तर कोण? सर्ट्रालिन दुधात फारच थोडं उतरतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला आपण तेच आधी देतो, हे त्यांच्यासमोर सांग. मग सुनेकडे वळून विचार, "तुला काय वाटतं?" आणि गप्प बस. ती बराच वेळ बोलणार नाही. तू बोलू नकोस.

पाकिटात कार्डांचा एक संच घातलाय. तुमच्याकडची माणसं जे शब्द वापरतात ते घालून बदलून घे. ती आली की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा