ओरलची दहा मिनिटे वाया घालवू नका

मा. संपादक,
स. न.

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम तोंडावर आला की अभियांत्रिकी महाविद्यालयांत दोन गोष्टींना ऊत येतो. एक म्हणजे ॲप्टिट्यूडचे आठवडाभराचे शिबिर आणि दुसरी 'हमखास विचारले जाणारे शंभर प्रश्न' अशी व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ. दोन्ही अगदीच निरुपयोगी नाहीत, पण सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या जागेसाठी बसलेली मुले जिथे गळतात ती ठिकाणे भलतीच असतात; आणि त्यांचा सराव सत्राअखेरच्या तोंडी परीक्षेत, म्हणजे ओरलमध्ये, करून घेता येतो.

पहिला घोळ वेळेचा. सातवे सत्र (शेवटच्या वर्षाचे पहिले) सुरू होते न होते तोच, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, कंपन्या यायला लागतात. जूनमध्ये तयारीला बसणाऱ्याची तेव्हा नुसती पळापळ होते. सहाव्या सत्रात, जानेवारीपासून, आठवड्याला प्रोग्रॅमिंगचे आठ नवे प्रॉब्लेम सोडवावेत आणि दोन जुने कोऱ्या कागदावर पुन्हा लिहावेत. जुलैपर्यंत दोनशेच्या आसपास होतात, तेवढे पुरे. ॲरे (क्रमवार यादी), स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) आणि हॅशमॅप (ठेवलेली गोष्ट झटकन शोधून देणारा साठा) आधी. मग स्टॅक, लिंक्ड लिस्ट, रिकर्शन, ट्री. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगसारख्या अवघड प्रकाराने सुरुवात करणारे बहुधा महिनाभरात वैतागून सोडून देतात.

ऑनलाइन परीक्षेत 'नमुन्याचे उत्तर बरोबर आले, तरी पास झालो नाही' ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. परीक्षेत न दिसणाऱ्या टेस्ट केस (कोड तपासण्याची इनपुट) असतात आणि कोड तिथे आपटतो. सर्वांत मोठी संख्या शोधायची तर मुले सुरुवातीला 'मॅक्स'मध्ये शून्य ठेवतात. सगळ्या संख्या ऋण आल्या की उत्तर शून्य. तिथे ॲरेतील पहिलीच संख्या ठेवायला हवी. बेरीज 'इंट' या पूर्णांकाच्या प्रकारात साठवतात; जावात आणि सहसा सी प्लस प्लसमध्येही इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७, आणि इनपुटमध्ये एक लाख संख्या प्रत्येकी शंभर कोटींपर्यंतच्या असू शकतात, म्हणजे बेरीज मर्यादेबाहेर जाते. जावात संख्या वाचणाऱ्या 'नेक्स्टइंट'नंतर लगेच ओळ वाचणारे 'नेक्स्टलाइन' वापरले की आधीच्या ओळीचा उरलेला शेवट वाचला जातो, रिकामी स्ट्रिंग हाती येते आणि वीस मिनिटे चूक भलतीकडे शोधण्यात जातात.

वेळेचे गणितही आधी मांडावे. एक लाख संख्यांवर एकात एक दोन लूप फिरवून सगळ्या जोड्या तपासल्या तर सुमारे पाचशे कोटी तुलना होतात. सेकंदाला दहा कोटी साध्या क्रिया असा ढोबळ अंदाज धरला तरी पन्नास सेकंद लागतील; परीक्षेत मिळतात एक-दोन. अशा वेळी हॅशमॅप किंवा सॉर्टिंग लागणार हे कोडला हात घालण्याआधीच कळते. काहीच सुचले नाही तरी साधा, संथ कोड जमा करावा. टेस्ट केसनुसार गुण असतील तर लहान इनपुटचे तरी पदरात पडतात.

मुलाखतीत खरी कसोटी दुसऱ्या प्रश्नाला लागते. पहिल्याचे उत्तर पाठ असते, हे समोरच्यालाही ठाऊक असते. नेहमीचा प्रश्न घ्या: ॲरेतील कोणत्या दोन संख्यांची बेरीज आठ होते? 'हॅशमॅप वापरतो, सर' इथपर्यंत सगळे येतात. मग पुष्कळजण आधी सगळ्या संख्या मॅपमध्ये भरतात आणि नंतर जोडीदार शोधतात. ॲरे ४, ९, १ असा दिला की चारला जोडीदार म्हणून चारच हवा असतो, तो मॅपमध्ये सापडतो, म्हणजे तीच संख्या स्वतःशी जोडली जाते. आधी जोडीदार मॅपमध्ये बघायचा, नसेल तर मग संख्या ठेवायची. एवढा क्रम बदलला की भागते. ही चूक पाठांतराने सुटत नाही, कागदावर एकेक ओळ फिरवून बघितल्यावरच दिसते.

डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेचे, एसक्यूएलचेही तसेच. दुसऱ्या क्रमांकाचा पगार विचारला की मुले पगार उतरत्या क्रमाने लावून 'लिमिट १ ऑफसेट १' (पहिली ओळ सोडून पुढची एक) लिहितात. पगार ९०, ९०, ८० असे असतील तर उत्तर ९० येते. हवे असते ८०. 'डिस्टिंक्ट' (सारखे पगार एकदाच मोजणे) घातले की हे दुरुस्त होते, पण पाठोपाठ प्रश्न येतो: आता प्रत्येक विभागातला दुसरा काढा. इथे विभागवार गट पाडून (पार्टिशन) 'डेन्स रँक' लागतो, तो सारख्या पगारांनंतर क्रमांक गाळत नाही. नुसता 'रँक' वापरला तर क्रमांक १, १, ३ असे पडतात आणि 'दोन' क्रमांकाची ओळच मिळत नाही. हे तीन पगार स्वतः टेबलात टाकून या सगळ्या क्वेरी चालवायला अर्धा तासही लागत नाही, आणि तेवढ्याने सगळा विषय स्वच्छ होतो.

प्रोजेक्टबद्दल स्पष्टच लिहितो. चौघांच्या गटात कोड एकाने लिहिलेला असतो (हल्ली तोही चॅटबॉटकडून), आणि रेझ्युमेवर मात्र तो चौघांच्याही असतो. मुलाखत घेणाऱ्या पॅनेलला तीन मिनिटांत उमगते. बस तिकिटांचे ॲप्लिकेशन असेल तर प्रश्न ठरलेला: शेवटची सीट दोघांनी एकाच क्षणी बुक केली तर? फेरी आणि सीट क्रमांक या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दोनदा नोंदता येत नाही), आणि बुकिंग व पैशांची नोंद एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही), एवढे सांगता आले तरी पुरते. पासवर्ड कसा साठवला, यावर 'एन्क्रिप्ट केला' असे उत्तर येते. पासवर्ड सॉल्ट (प्रत्येकासाठी वेगळा यादृच्छिक मजकूर) घालून हॅश करायचा असतो, तो उलटा उघडता येऊ नये म्हणून. आपला भाग कोणता, हे आधीच प्रामाणिकपणे ठरवावे आणि रेझ्युमे एका पानात ठेवून, ज्यावर पाच प्रश्न झेलता येणार नाहीत ते तंत्रज्ञान सरळ खोडावे.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमातून आलेल्यांना जास्त वाटते, पण बहुतेकदा अडते ते बोलत बोलत लिहिण्याचा सराव नसल्याने. पाच मिनिटे मान खाली घालून गप्प बसणारा, इंग्रजी फर्डे असले तरी, मार खातो. दोघांनी जोडी करावी: एकाने विचारायचे, दुसऱ्याने कागदावर लिहिताना प्रत्येक पाऊल मोठ्याने सांगायचे. चाळीस मिनिटांनी अदलाबदल. साधी, तुटक वाक्ये चालतात. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्यात काही कमीपणा नाही. उलट इनपुट रिकामे असू शकते का, संख्या दोनदा येतील का, हे विचारणाऱ्याचे पॅनेलवर बरे मत होते.

कागदपत्रांचे थोडक्यात. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, सगळीकडे ६० टक्के आणि एकही चालू बॅकलॉग (न सुटलेला विषय) नको, ही अट अनेक कंपन्या लावतात. सीजीपीएचे (सरासरी श्रेणीगुणांचे) टक्के विद्यापीठाच्याच सूत्राने काढावेत. आधार आणि गुणपत्रिकेवरील नावांत फरक असेल तर तो आताच दुरुस्त करून घ्यावा. हाती पडलेले पत्र ऑफर लेटर आहे की नुसते लेटर ऑफ इंटेंट (नोकरी देण्याचा इरादा), रुजू होण्याची तारीख त्यात आहे का, बॉण्ड किती महिन्यांचा, हे सहीआधी वाचावे.

आता महाविद्यालयांकडे एक मागणे. सत्राच्या शेवटी होणारी प्रॅक्टिकल-ओरल म्हणजे फुकटात मिळणारी सराव मुलाखतच असते. समोर बाहेरचा परीक्षक असतो, विद्यार्थी एकटा असतो आणि हातात प्रोग्रॅम असतो. प्रत्यक्षात काय होते? एकमेकांच्या उतरवलेल्या फाईलवर सह्या, दोन व्याख्या, 'पुढचा पाठवा'. त्याऐवजी परीक्षकाने विद्यार्थ्याच्याच प्रोग्रॅममधली एक गोष्ट बदलायला सांगावी: चढता क्रम आहे तो उतरता कर, रिकामा ॲरे देऊन बघ, ही ओळ काढली तर काय होईल? मग तो बदल समोर बसून चालवून दाखवायला लावावा. माणशी दहा मिनिटे पुरतात. तासाला सहा, म्हणजे वीस जणांची बॅच साडेतीन तासांत आटोपते. निम्मे गुण फाईलचे जाडपण बघून न देता या बदलाला द्यावेत, आणि हे तिसऱ्या सत्रापासून सुरू करावे, सातव्यात नव्हे.

आपले,
संगणक अभियांत्रिकीचे दोन अध्यापक, पुणे